अस्वल, बदक आणि तालमीतली माती

मला कार्टून आवडतं. आजही आवडतं, आणि पस्तिशी ओलांडलेली, मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवणारी बाई होते तेव्हाही आवडायचं. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून लोकांना वाटतं, ही बाई आता टीव्हीवर, व्हिडिओवर आणि बिघडलेल्या पोरांवर तोंडसुख घेणार. मला तसलं काही करायचं नाही. माझा राग दुसरीकडे आहे.

चित्रातल्या मारामारीशी माझा संबंध जुना. वडील सिनेमाची बॅनरं रंगवायचे. साठ-सत्तरच्या त्या काळात कोल्हापुरातल्या थिएटरांवर हातानं रंगवलेली भलीमोठी कापडं लागत, आणि त्यातली बरीचशी आमच्या परड्यात वाळत पडलेली असत. चेहरे वडील काढायचे. रक्त भरायचं काम माझ्याकडे. हिरोचं रक्त ओठाच्या कोपऱ्यातून एकच बारीक धार, त्याच्या रुबाबाला धक्का लागता कामा नये. व्हिलनचं मात्र कुठूनही आणि कितीही. एकदा मी हिरोच्या नाकातून रक्त काढलं, तर वडिलांनी ब्रशचा दांडा माझ्या बोटांवर असा हाणला की नखाखाली खरं रक्त साकळलं. "हिरोचं नाक फुटत नसतंय," ते ओरडले. मी मुसमुसत ते नाक पुसलं. बोट कितीतरी दिवस ठणकत होतं.

मोठी झाल्यावर ते सिनेमे मला पाहवेनात. ऐंशीच्या आसपास तर सगळेच हिरो चिडलेले. कुणाच्या बापाचा खून झालेला, कुणाची बहीण नासवलेली, आणि मग तीन तास सूड. गल्लीतली पोरं कानावर केस वाढवून, कमरेला पट्टा करकचून बांधून, तोंडानं ढिशांव ढिशांव करत एकमेकांच्या पोटात ठोसे लावायची. लोक म्हणायचे, पोरं वाया गेली. मला पोरांचं काही वाटत नव्हतं. मला खटकायचं ते वेगळंच. त्या सिनेमात हाणणाऱ्याकडे नेहमी कारण असायचं. चांगलं, डोळ्यांत पाणी आणणारं कारण. एकदा कारण मिळालं की माणूस पोटभर हाणतो आणि बघणाराही पोटभर बघतो. माझ्या वडिलांकडेही कारण होतं, हिरोचं नाक फुटत नसतं. कारण नसलेला मारकुटा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कार्टूनमध्ये ही भानगडच नव्हती. एक परदेशी कॅसेट होती, तिचं नावही कुणाला वाचता यायचं नाही. तिच्यात एक जाडं अस्वल आणि एक बदक. अस्वल बदकाच्या मागे का लागलंय हे कुणी सांगत नसे आणि कुणी विचारतही नसे. बदक त्याच्यावर रोडरोलर घालायचं. अस्वल सपाट. मग बदक त्याला चटईसारखं गुंडाळायचं, काखेत मारायचं आणि शीळ घालत चालू पडायचं. पुढच्या वळणावर चटई उलगडायची, अस्वल अंग झटकून उभं, पुन्हा मागे धावायला तयार. मी हसून हसून बेजार व्हायचे. माझ्याएवढं मोठ्यानं पोरंही हसत नसत. आमचे हे मला कोपरानं ढोसायचे, "अगं हळू की, लोक बघालेत." बघू देत. ज्यात कुणाला लागत नाही अशी मारामारी मला जन्मात पहिल्यांदा बघायला मिळाली होती.

हे सगळं आम्ही बघायचो शेजारच्या घरी. शेजाऱ्याची शाहूपुरीत गुळाची अडत होती, चांगली चालणारी. रंगीत टीव्ही नुकते येऊ लागले होते तेव्हा गल्लीत पहिला त्यानं आणला, आणि त्यापाठोपाठ व्हिडिओ. माणूस हौशी आणि दिलदार. एकट्यानं बघायचं त्याला ठाऊकच नव्हतं. रविवारी सकाळी त्याच्या घराचं दार सताड उघडं असायचं आणि सगळी गल्ली त्याच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत. पुढे एकच खुर्ची, ती गल्लीतल्या तालमीच्या वस्तादांची. खाली सतरंजीवर तालमीतली पैलवान पोरं, मग गल्लीतले बाप्ये, मग दाराच्या कडेनं आम्ही बायका. आधी पोरांसाठी कार्टून, मग मोठ्यांसाठी मारामारीचा सिनेमा. मध्ये सगळ्यांना चहा. चहा आत त्याची बायको करायची. तिनं त्या टीव्हीवर काही बघितलेलं मला आठवत नाही. तिचा पदर दिसायचा, चहाचा ट्रे दिसायचा आणि परत ती आत.

आमच्या आणि त्यांच्या घराची मधली भिंत एकच. त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. पहिल्यांदा भांडं आपटल्यासारखा आवाज व्हायचा, मग त्याचा आवाज चढायचा, मग थोडा वेळ काहीच नाही. त्या काहीच नाहीच्या वेळेला माझ्या हातातली कामं थांबायची. मग लाकडावर काहीतरी आदळावं तसं एकदा, दोनदा, आणि तिचं दाबलेलं कण्हणं. ती ओरडत नसे. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी नळावर डोळ्याखाली काळंनिळं, नाहीतर हात गळ्यात बांधलेला. मी काही विचारायच्या आतच ती म्हणायची, "मोरीत पाय घसरला, बाई." बायका म्हणायच्या, मोरी घासून घे गं, शेवाळ धरलं असंल. एकदा मी खरंच जाऊन तिची मोरी बघून आले. कोरडी ठणठणीत होती.

आता आमच्या गल्लीची एक रीत सांगायला हवी. कोपऱ्यावर तालीम, आणि तालमीत लाल मातीचा हौदा, म्हणजे कुस्ती खेळायची चौकोनी जागा. कुणी बायकोवर हात टाकायला लागला आणि गोष्ट गल्लीत झाली, की वस्ताद त्याच्या घरी एक लाल लंगोट पाठवायचे, घडी घालून. बोलायचं काही नाही. लंगोट आला की दुसऱ्या सकाळी त्या माणसानं तो लावून हौद्यात उतरायचं. वस्ताद म्हणायचे, "हात चालवायची लई हौस हाय नव्हं? ये, हितं चालीव." आणि एखादा तगडा पैलवान त्याला उचलून उचलून मातीत आपटायचा, तो हात जोडेपर्यंत. मी लहानपणापासून हे ऐकत आले होते. असे लंगोट मिळालेले दोघं-तिघं तर मला माहीत होते, आणि नंतर ते खरोखरच सरळ झाले होते. कुणाला इजा कधी झाली नाही. तालमीतली पोरं पहाटे उठून खोऱ्यानं ती माती उकरायची, तिच्यात ताक, तेल, हळद घालून पायानं तुडवायची. हात कोपरापर्यंत जाईल इतकी ती मऊ असायची. वस्तादांना तिचा अभिमान होता. "हितं पडल्यावर हाड मोडत न्हाई, नुसती मस्ती मोडती," असं ते छातीवर हात ठेवून सांगायचे.

शेजाऱ्याला लंगोट का गेला नाही, हे मला समजायला वेळ लागला नाही. लंगोट पाठवणारे वस्ताद दर रविवारी त्याच्याच सोप्यात खुर्चीवर. आपटणारे पैलवान त्याच्याच सतरंजीवर. गणपतीत तालमीपुढे व्हिडिओ दाखवायचा झाला की टीव्ही आणि मशीन त्याचं, कॅसेटी त्याच्या. पुढे पुढे तर तो टीव्ही आणि मशीन रात्रीचं तालमीतच नेऊन ठेवायचा, पोरांनी बघावं म्हणून. पोरं सिनेमे बघत बसायची, सकाळी उशिरा उठायची, हौद्यातली माती उकरायला कुणी वेळेवर येईना. वस्ताद कुरकुरायचे आणि रविवारी पुन्हा येऊन खुर्चीवर बसायचे. अख्ख्या गल्लीचं तोंड त्या टीव्हीनं गोड केलं होतं. कोल्हापूरची गल्ली कशी असते हे कुणाला सांगायला नको. तुमच्या डाळीत मीठ कमी पडलं तरी समोरची काकू दारातून ओरडून विचारते. त्या गल्लीत या एका बाबतीत सगळे मुके झाले होते.

एकदा शेजारणीचा भाऊ आला होता शाहूवाडीकडून. भातशेती करणारा, उंच, भरल्या दंडाचा माणूस. बहिणीला न्यायला आलोय, असं नळावरच सांगून टाकलं त्यानं. मला हायसं वाटलं. शेजाऱ्यानं त्याला "या पावणं" म्हणून गळामिठी मारली, मटण केलं, मांडीला मांडी लावून जेवला, आणि मग टीव्हीसमोर बसवलं. त्या बिचाऱ्यानं टीव्ही पहिल्यांदाच बघितला असेल. एका पाठोपाठ एक सिनेमे. दुसऱ्या दिवशी तो एकटाच एस.टी. स्टँडकडे निघाला. मी दारात होते. मला म्हणाला, "भावजी तसं मानूस चांगलं हायत." माझ्या हातात पाण्याची कळशी होती. ती त्याच्या डोक्यात घालावी असं मला वाटलं. घातली नाही.

मग तो रविवार. अस्वल आणि बदकाचीच कॅसेट लावली होती. सोपा माणसांनी गच्च भरलेला. ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली आणि टीव्हीसमोरून जायला लागली, कारण दुसरीकडून वाटच नव्हती. "बाजूला हो की गं, म्हशी, दिसंना झालंय," तो म्हणाला. लोक हसले. ती घाईनं सरकली आणि वायरीत तिचा पाय अडकला. दोन कप कलंडले, चहा व्हिडिओच्या मशीनवर सांडला.

तो उठला. त्यानं आधी ट्रे तिच्या हातातून हिसकावला आणि त्याच ट्रेनं तिच्या तोंडावर मारलं. ठण्‌ असा आवाज आला. पडद्यावरही नेमकं बदक अस्वलाला काहीतरी हाणत होतं, त्यामुळे मागं बसलेल्यांना काय चाललंय ते कळलं नाही, ते पडद्याकडं बघून हसतच होते. पुढच्यांना कळलं होतं. त्यानं तिची वेणी मनगटाला गुंडाळली, डोकं मागे ओढलं आणि कानशिलात एक, आणखी एक, आणि मग दोन्ही हातांनी तिला ढकलून दिलं. ती पाठमोरी टीव्हीच्या टेबलावर गेली. टेबल कलंडलं.

"टीव्ही! अवो टीव्ही धरा की!" कुणीतरी बाई किंचाळली.

आणि धरला. चौघं एकदम उठले. वस्ताद खुर्चीतून असे उडाले की या वयात त्यांच्या गुडघ्यांत इतका जोर आहे हे मला ठाऊकच नव्हतं. त्यांनी दोन्ही हातांनी टीव्ही छातीशी धरला. एका पैलवानानं टेबल अडवलं, दुसऱ्यानं मशीन उचललं, आणि चौथे आमचे हे, त्यांनी वायर पकडून ठेवली होती. या चौघांच्या मधून ती खाली गेली. एकाचाही हात तिच्याकडे गेला नाही. तिचं कपाळ टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलं आणि रक्ताची धार डोळ्यात उतरली. बॅनरवर काढतात तसली शोभिवंत धार नव्हती ती. रक्त चेहराभर पसरलं, हनुवटीवरून चहात ठिबकलं.

वस्तादांच्या छातीशी धरलेल्या टीव्हीत बदक अजून अस्वलाला गुंडाळत होतं.

ती उठून बसली. पदरानं कपाळ दाबलं आणि दुसऱ्या हातानं जमिनीवरचा चहा पुसायला लागली. "मोरीत घसरती तशी हितंबी घसरती," तो म्हणाला, आणि काही बाप्ये हसले. घाबरून हसले की सुटल्यासारखे, ते मला सांगता येणार नाही. मी उठले, तिच्या काखेत हात घालून तिला माझ्या घरी घेऊन आले. हळद दाबली, चिंधी बांधली. पुढचा सिनेमा सुरू झाल्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता.

हे घरी आले तेव्हा मी विचारलं, "तुमी टीव्ही धरला?"

"मग काय पडू द्यायचा? किती किमतीची वस्तू हाय ती, ठावं हाय का?"

"आणि ती?"

"आता ती त्याची बायको हाय की." हे बोलून त्यांनी जेवायला वाढ म्हणून सांगितलं. मी त्या दिवशी वाढलं नाही. ते स्वतः वाढून घेऊन जेवले.

संध्याकाळी मी तालमीत गेले. तालमीत बायका जात नाहीत, मारुतीची जागा आहे. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले आणि वस्तादांना हाक मारली, गल्लीला ऐकू जाईल अशी. ते लगबगीनं आले. "बाई, हितं बाईमानसानं येत न्हाईत."

"मी कुठं आत आलोय? उंबऱ्याच्या भायेरच हाय की. तुमास्नी एकच इचारायला आलो. टीव्ही फुटला न्हाई नव्हं?"

त्यांची मान खाली गेली.

"लंगोट संपल्यात काय तालमीतलं?" मी विचारलं. "माझी साडी देऊ का फाडून?"

म्हाताऱ्याच्या जबड्याची हाडं हलताना दिसत होती. मग म्हणाला, "जावा तुमी. मी बघतो." मी घरी आले तेव्हा, खरं सांगते, मला आनंद झाला होता. आता त्याला कळेल, असं मी स्वतःशीच मोठ्यानं म्हणाले. दिवेलागणीला एक पैलवान पोरगा शेजारच्या दारात लाल लंगोट ठेवून गेला.

थोड्याच वेळात ती माझ्याकडे आली. कपाळावरची चिंधी तशीच. "बाई, हे तुमी केलं व्हय?"

"व्हय."

"मला इचारायचं तरी."

"तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हणाली असतीस."

"म्हनूनच इचारायचं हुतं," ती म्हणाली आणि गेली. मला तिचा राग आला. तिच्यासाठी मी तालमीच्या दारात जाऊन गल्लीपुढे तोंड टाकलं, आणि हिला मानापमान सुचतोय.

सकाळी शेजारी तालमीत आला तो हसतच. लंगोट लावून, पोट पुढे काढून, सगळ्यांना हात करत. त्याला ती गंमत वाटत होती, सगळी आपलीच तर माणसं. तालमीच्या खिडकीला गर्दी झाली होती. बायकाही होत्या, मी सगळ्यांच्या पुढे गज धरून. वस्तादांनी त्यांचा सगळ्यात दांडगा पैलवान उतरवला. पहिल्यांदा त्यानं त्याला साधंच पायाला धरून पाडलं. तो उठला, कंबर चोळली, म्हणाला, "हळू की रं." दुसऱ्यांदा जरा जोरात पडला. आता हसणं गेलं होतं. तो चिडला आणि त्यानं पैलवानाच्या थोबाडीत मारली. ती चूक. खिडकीतून सगळे ओरडले, मीही ओरडले, "उचला त्येला!" पैलवानाचे डोळे लाल झाले. त्यानं त्याला कमरेतून डोक्याच्या वर उचललं आणि सगळ्या ताकदीनं खाली आपटलं.

मातीत पडलेल्याचा आवाज मला माहीत होता. जत्रेच्या मैदानात मी खूप कुस्त्या बघितल्या होत्या. तो धप्प असा येतो, दबका. हा आवाज कोरडा होता, फरशीवर नारळ फोडल्यासारखा. तो पडला तसाच राहिला. पोरं टाळ्या वाजवत होती. "उठ की! उठ आता!" असं ओरडत होती. त्याच्या उठण्याची सगळेच वाट बघत होते. मीही वाट बघत होते. तो उठेल, अंग झटकेल, हात जोडेल आणि आपण सगळे घरी जाऊ, हे मला इतकं ठाम वाटत होतं की मी थोडी हसतही होते.

तो उठला नाही. तोंड उघडं, डोळे उघडे, आणि घशातून बारीक घरघर. हात हलत होते. पाय नाही.

वस्ताद हौद्यात उतरले. त्यांनी खाली बसून मातीत बोटं घालायला बघितली. बोटं आत जाईनात. नखं आपटली नुसती. "माती कवा उकरली हुती रं?" त्यांनी विचारलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी पुन्हा विचारलं, आता ओरडून, आणि जवळच्या पोराच्या कानफटात इतक्या जोरात मारली की ते पोरगं भिंतीवर जाऊन आदळलं. मग दुसऱ्याच्या. मग तिसऱ्याच्या. पोरं मार खात उभी राहिली. व्हिडिओ येऊन तालमीत बसल्यापासून खोरं कोपऱ्यातून हललं नव्हतं. माती थापून थापून अंगणासारखी कडक झाली होती, आणि वरवर भुरभुरलेली लाली बघून सगळ्यांना वाटत होतं, आहे तशीच आहे.

त्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं पडला. बरोबर गेलेल्यांनी सांगितलं, मोरीत पाय घसरला.

पाठीचा कणा कमरेशी मोडला होता. वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. अडत त्याच्या भावानं सांभाळायला घेतली आणि त्याला घरी आणून सोप्यातल्या पलंगावर ठेवलं. गल्लीनं चार दिवस हळहळ केली. मग बायका नळावर म्हणायला लागल्या, वाईट झालं, पण ती सुटली बिचारी. बाप्ये म्हणाले, मस्ती उतरली. मारणाऱ्याला मार मिळाला, हिशेब पुरा झाला, पडद्यावर शेवटची पाटी यावी आणि लोकांनी चपला शोधायला लागावं तसं सगळं सैल झालं. मीही तसंच म्हणत होते. पश्चात्ताप वगैरे मला झाला नाही, आजही होत नाही. तशीच वेळ आली तर मी पुन्हा त्या उंबऱ्यावर जाऊन तोंड टाकीन. फक्त आधी माती उकरून घ्या म्हणून सांगीन. ती "इचारायचं तरी" म्हणाली होती त्याचं मात्र काय करायचं ते मला कळत नव्हतं, म्हणून मी तिच्याकडे जायचं टाळत राहिले. रविवारी तिकडे कुणीच जाईना. हळूहळू ज्यांना परवडले त्यांनी आपापले टीव्ही घेतले. आम्हीही घेतला. मी माझ्या घरात बसून कार्टून बघायला लागले आणि हसायलाही लागले, आवाज थोडा मोठा ठेवून, कारण भिंत तीच होती.

पण भिंतीपलीकडून आवाज येतच होते. मला वाटायचं, त्याला उठवताना-बसवताना काहीतरी पडत असेल.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले. दार लोटलेलंच होतं. टीव्ही चालू होता, समोर पलंगावर तो, उशांना टेकून. खांदे आणि दंड आधीपेक्षा भरलेले. सगळं अंग हातांवरच उचलावं लागत असेल, त्यामुळे. ती पार समोरच्या भिंतीला टेकून खाली बसली होती, मांडीवर तांदळाचं सूप. मला बघून उठली, आणि तिच्या गळ्यावर बोटांचे वळ दिसले. ताजे. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला चार बोटं.

"हे काय?" मी विचारलं.

"जेवान भरवताना जवळ जावं लागतंय नव्हं," ती म्हणाली. "कूस बदलताना, अंग पुसताना. पाय गेल्यात, बाई. हात हायत की."

तिळगुळाची वाटी माझ्या हातात तशीच. त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि हसून "या बाई," म्हणाला, पूर्वीसारखाच, दिलदारपणे. मी काय करावं न कळून पलंगाच्या बाजूला जाऊ लागले.

तिनं झटकन माझा दंड धरून मला मागे ओढलं. "हितं बसा बाई, माझ्याजवळ," ती म्हणाली. "त्या तिसऱ्या फरशीच्या पुडं जाऊ नगा. तितवर पोचतोय त्येंचा हात."